स्ट्रॉबेरीचं दप्प रोप

नव्वदच्या दशकात मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. लोणची, स्वेटर, संस्कृत श्लोक, दुसऱ्यांच्या सुनांना वळण लावणं, सगळं. आज पंचाहत्तरी उलटल्यावर माझ्या लक्षात आलंय की मला धड फक्त लोणची येतात, त्यातही लिंबाचं बिघडतं. त्या सत्तेचाळीसच्या बाई आज रस्त्यात भेटल्या तर मी त्यांना हाक मारणार नाही. लगेच काहीतरी शिकवायला घेतील.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही बंगळूरला आलो आणि राजाजीनगरात वीस वर्षं मुरलो. माझं कन्नड मात्र मुरलं नाही. 'स्वल्प', 'सरी', 'बेडा', 'नोडी' म्हणजे थोडं, बरं, नको, बघा. एवढ्या चार खांबांवर माझा संसार उभा होता. पाचवा शब्द मला शेजारच्या अक्कांनी शिकवला होता, 'दप्प'. दप्प म्हणजे जाड. कुणाच्या लग्नातली नवी बाई दिसली की अक्का माझ्या कानाशी लागून म्हणायच्या, "दप्प हाय न्हवं?" तेव्हा माझं स्वतःचं वजन असं होतं की हा शब्द जाताजाता जरी कानावर पडला तरी मी पदर सावरायची.

मुलाचं लग्न त्याच वर्षी झालं. सून पाचगणीकडची. तिची आई ती दहा वर्षांची असतानाच गेलेली. वडिलांची डोंगरउतारावर थोडी जमीन, त्यात स्ट्रॉबेरी. मुलगी शांत, कामाला चोख, आणि बोलायला अशी काटकसरी की एक वाक्य तिला दोन दिवस पुरे. मुलगा सकाळी कंपनीच्या बसने इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. दिवसभर आम्ही दोघी. म्हणजे मी बोलत असे आणि ती भांडी विसळत असे.

पावसाळ्यात कळलं की तिला दिवस गेलेत. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच करायचं ठरलं. मी लगेच आघाडी उघडली. "काय खावंसं वाटतं गं? चिंच? कैरी? भेळ?" ती म्हणायची, "काही नाही, आई. चालेल काहीही." मी आणखी खोदायची. "अगं, डोहाळे लागलेच पाहिजेत! मला तर पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची." ती कसनुसं हसायची आणि पोळी चिवडत बसायची. महिनाभरात गाल बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटभर खाऊ दे तिला. जणू मीच ताट ओढून घेत होते! ही पोर काहीच मागत नाही, एवढंच माझ्या मनात टोचत राहिलं. जिने आठ-नऊ महिन्यांत घरात साधा पंख्याचा वेगसुद्धा वाढवायला सांगितला नाही, ती इथे राहतेय की नुसती उतरलीय?

सप्टेंबरात एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती आपणहून बोलली. आभाळाकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे आता रोपं लावायची घाई असेल."

बास. तेवढं एक वाक्य, आणि मी त्यावर इमला बांधला. डोहाळा सापडला! पोरीला स्ट्रॉबेरी हवी! बंगळुरात तेव्हा मला स्ट्रॉबेरी ठाऊक होती ती जॅमच्या बाटलीवरच्या चित्रातली. तिच्या वडिलांनी फळं पाठवली असती तरी बसच्या टपावरून येता येता त्यांचाही जॅमच झाला असता. तेव्हा आपण गच्चीवर लावायची. डोहाळजेवण सातव्या महिन्यात, डिसेंबरच्या सुरुवातीला. त्या दिवशी ओटीत पाच फळं घालतात ना, ती पाच घरच्या स्ट्रॉबेरीची. हा बेत मी आधी महिला मंडळात जाहीर केला, मग घरी.

"अगं, झाडाला तारीख दिलीस, झाडाला विचारलंस का?" यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. मी घेवडे, घोसाळी वाढवलीत. हे काय मोठंसं!"

सुनेने नुसतं माझ्याकडे पाहिलं. आज मला त्या पाहण्याचा अर्थ कळतो. तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मी रिक्षा करून नर्सरीत गेले. तिथे एका बाजूला सावलीत उंच, हिरवीगार, लांब देठांची रोपं डोलत होती. दुसऱ्या बाजूला रणरणत्या उन्हात काही बुटकी, रापलेली, तीन-तीन पानांची रोपं बसली होती, जणू कुणी रागावून कोपऱ्यात उभी केलीत. मी अर्थातच डोलणाऱ्यांकडे वळले. म्हातारा माळी लगबगीने आला, हात हलवून म्हणाला, "उद्द बेडा, अम्मा. दप्प नोडी, दप्प!" आणि त्याने दोन बोटांनी जाडी दाखवली.

'उद्द' मला माहीत नव्हतं. 'दप्प' माहीत होतं. 'नोडी' माहीत होतं. भर नर्सरीत, चार लोकांसमोर, हा माणूस बोटांनी माप दाखवून मला जाडी म्हणतोय!

मी म्हटलं, "सरी, सरी!" ते अशा सुरात की ऐकणाऱ्याला शिवी वाटावी. आणि सगळ्यात उंच, सगळ्यात सडपातळ अशी वीस रोपं उचलून तडक बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर पदर घट्ट लपेटून घेतला. वीसही रोपं घरी येईपर्यंत माना टाकून बसली होती, पण मी त्यांना जुन्या तेलाच्या डब्यांत, चांगली खोल, गळ्यापर्यंत पुरली. म्हटलं, उभी तरी राहतील.

आठवड्याभराने सुनेच्या वडिलांकडून खोका आला. मुलीने पत्रात कळवलं असणार. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली रोपं, मुळांना चिखल, पानं कापून आखूड केलेली. बरोबर चिठ्ठी. पहिलीच ओळ अशी: 'रोपं जरा ठेंगणी दिसतील, याबद्दल राग नसावा.' मी तेवढं वाचून चिठ्ठी सुनेच्या हातात दिली. मनात म्हटलं, व्याह्यांनी उरलंसुरलं पाठवलेलं दिसतंय, निदान कबूल तरी केलं. डबे भरलेले होते, जागा नव्हती, आणि माझ्या त्या हिरव्या रांगेत ही गावठी मंडळी शोभलीही नसती.

मी कठड्यावरून शेजारच्या गच्चीवर हाक दिली. "अक्का, रोपं हवीत का?"

अक्का बेळगावाकडच्या. मराठी बोलायच्या, पण स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' म्हणायच्या, आणि 'पण' म्हणायच्या जागी 'खरं' म्हणायच्या. त्यांनी खोक्यात हात घालून एक रोप वर उचललं, उलटंसुलटं केलं.

"लहान हाईत, खरं बूड बघा की वो वैनी. नक्की देताय न्हवं? मागनं मागशीला."

"छे हो! घ्या सगळी."

सून कठड्यापाशी उभी होती. रिकामं गोणपाट तिने उचललं, झटकलं, घडी घातली आणि खाली घेऊन गेली. गोणपाटाची कुणी इतकी नीट घडी घालतं का, असा प्रश्न मला पडायला हवा होता.

ऑक्टोबरच्या पावसात माझ्या वीसांपैकी सहा कुजली. उरलेली चौदा मात्र अशी फोफावली की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला गच्चीवर नेऊ लागले. पानं माझ्या तळव्याएवढी. आणि मग त्यांना लांबलचक तांबूस दोरे फुटले, डब्यातून खाली लोंबू लागले. वेल! मी हरखले. घेवड्याला करतात तसा मी सुतळीचा मांडव केला. चार काठ्या, आडव्या दोऱ्या, आणि एकेक वेल हळुवार उचलून वर चढवला, गाठी मारल्या. सून खाली पाटावर बसून मला सुतळी कापून देत होती. स्ट्रॉबेरीचा मांडव! आख्ख्या पाचगणीत कुणी ऐकला नसेल. आणि पाचगणीची मुलगी मला त्यासाठी सुतळी कापून देत होती, एक अक्षर न बोलता.

फुलं? फुलं नव्हती. मी रोज सकाळी मांडवाखाली जाऊन वर बघायची. द्राक्षं लोंबतात तशा स्ट्रॉबेऱ्या लोंबतील अशी माझी कल्पना होती.

दिवाळीच्या सुमाराला अक्कांनी हाक मारली. "वैनी, जरा येताय काय? बघा की, काय चांदण्या पडल्यात!"

त्यांच्या गच्चीवर, गावाहून आणलेल्या नाचणीच्या पेंढ्यावर, ती ठेंगणी मंडळी बसली होती. प्रत्येकाच्या मधोमध पांढरी फुलं. कुठे पाच, कुठे सात. दोन रोपांवर तर पाकळ्या गळून मण्याएवढी हिरवी फळं धरलेली. मी "छान आहेत हो" म्हटलं आणि परत आले. परत आले म्हणजे जिन्यातच बसले. डोहाळजेवणाला महिना राहिला होता, आणि माझ्या मांडवावर नुसत्या दोऱ्या.

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली, एक पायरी खाली बसली. मी तिच्यावरच उखडले. "तुझ्या वडिलांनी एवढी चांगली रोपं पाठवली, तर सांगायचं नाही का? चिठ्ठीत नुसतं ठेंगणी, ठेंगणी!"

 ती उठून आत गेली, चिठ्ठी घेऊन आली आणि माझ्यासमोर धरली. पालथी.

"आई, मागचं पान वाचायचं राहिलं तुमचं."

लग्न होऊन आल्यापासून ती माझी चूक दाखवणारं हे पहिलं वाक्य बोलली होती. मी चष्मा लावला.

मागे लिहिलं होतं: 'उघड्यावर, उन्हात, बेताच्या पाण्यावर वाढवली आहेत, म्हणून पान आखूड आहे. बूड करंगळीहून जाड असेल तेवढीच निवडली. डोंगरावरची थंडी लागलेलं असं रोप फूल पोटात धरूनच येतं, लावल्यावर लवकर फुलतं. सावलीत उंच गेलेलं रोप आधी पानं करतं, मग रनर सोडतं, फळाचं नाव उशिरा घेतं. बूड मातीत पुरू नये, कुजतं. बाकी लेकीला सगळं ठाऊक आहे. तिला विचारावं.'

शेवटचे दोन शब्द मी पुन्हा वाचले. तीन महिने मी त्या मुलीला रोज विचारत होते, काय खाशील, काय खाशील. तिला काय येतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं, सगळं?"

"हो."

"आणि मांडव?"

तिच्या ओठाचा कोपरा हलला. "वेलाला स्ट्रॉबेरी लागत नाही, आई. ते रनर. त्याला पुढे नवीन रोप येतं. फळासाठी लावलं असेल तर ते कापून टाकायचे असतात."

"मग कापायला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतक्या मायेने गाठी मारत होता..." आणि ती हसायलाच लागली. पोट धरून, पायरीवर मागे रेलून. जिन्यात तिचं हसू असं घुमलं की यजमान दार उघडून बघायला आले. मला आधी राग आला, मग मीही सुटले. काठ्या, दोऱ्या, गाठी! एखाद्याने कोंबडीला झोपाळा बांधावा तसं झालं होतं ते.

त्याच दुपारी तिने मला हाताला धरून गच्चीवर नेलं. माझ्या एका रोपाची पानं बाजूला सारून बुडाशी बोट लावलं. केरसुणीच्या हिरापेक्षा जेमतेम जाड. "हा क्राऊन. ह्यात जोर असला तर सगळं आहे. पानांवर जाऊ नका." मग तिने कात्रीने एकेक रनर कापला, बुडाशी चढलेली माती उकरली, पिवळी पानं काढली. हात सराईत चालत होते. मी सुतळीच्या गाठी सोडत होते. तिने सांगितलं, मी केलं. असा दिवस त्या घरात पहिलाच.

"होतील का ही डिसेंबरपर्यंत?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. स्पष्ट. "पण होतील. उशिरा."

आता अक्कांकडे जाणं आलं. दिलेलं परत मागायचं म्हणजे माझ्यासारख्या बाईला... जाऊ दे. मी गेले. आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग त्यांच्या नातवंडांच्या, मग म्हटलं, "अक्का, त्या रोपांपैकी स्वल्प..."

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "आता मुळं धरल्यात. हलवलं तर रुसतील. मी तेव्हाच म्हटलो होतो, मागनं मागशीला."

मी मान खाली घातली. त्यांनी मला पुरेसं शिजू दिलं, आणि मग म्हणाल्या, "खरं, एक सांगतो. पोरीला आई न्हाई न्हवं? माहेरची ओटी कोण भरणार? रोपं तिच्या बापाच्या मातीतली. माझ्या गच्चीवर हाईत म्हणजे तिचं माहेर माझ्याकडंच आलं की वो. मी येतो माहेरची म्हणून. तुम्ही सासू म्हणून नुसतं बसा. जमंल न्हवं, नुसतं बसाय?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते लपवायला मी विषय बदलला आणि त्या नर्सरीतल्या माळ्याची तक्रार सांगितली. मला भर लोकांत 'दप्प नोडी' कसा म्हणाला, ते अभिनयासकट.

अक्कांनी पदर तोंडाशी धरला. "अवो, रोपाचं बूड हो! 'उंच नको, जाड बघून घ्या' म्हणाला त्यो. उद्द म्हणजे उंच! तुम्हाला कशाला म्हणंल?" मग मला वरून खाली न्याहाळून म्हणाल्या, "म्हणजे, म्हणाला असता तरी खोटं न्हवतं."

डोहाळजेवणाच्या दिवशी अक्का पुढच्या दाराने आल्या. रोज मागच्या जिन्याने यायच्या, पण त्या दिवशी व्याहीण म्हणून रस्त्याने वळसा घालून. हिरवी साडी, परात, परातीत नाचणीच्या पेंढ्यावर फळं. सून हिरव्या चुड्यात, फुलांच्या दागिन्यांत पाटावर बसली होती. मंडळाच्या सगळ्या जणी माना उंचावून बघत होत्या. पाच स्ट्रॉबेऱ्या कबूल केलेल्या मी. परातीत चार लाल होत्या. पाचवी अर्धीच पिकलेली, देठाकडे पांढरट, टोकाला लाजल्यासारखी गुलाबी.

"रात्रीत पिकंल वाटलं हुतं," अक्का कुजबुजल्या.

ओटी भरली. मंडळातल्या एकीने विचारलंच, "घरच्याच ना?" मी म्हटलं, "तिच्या घरच्या." आणि नुसती बसले. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच.

सुनेने ओटीतली फळं बोटांनी चाचपली. चार लाल बाजूला सारली, ती पाचवी अर्धकच्ची उचलली, वास घेतला. मग भरल्या घरात मान वर करून म्हणाली, "आई, मीठ आहे का? मला अशीच लागते. कच्ची. मीठ लावून."

मीठ आहे का! मी अशी धावले की पाटाची ठेच लागली. मिठाची अख्खी बरणीच आणली. ती चिमटीने मीठ लावून खात होती, डोळे मिटून, नाक आक्रसून, आणि रस हनुवटीवर आला तरी पुसत नव्हती. गाण्यांसाठी जमलेल्या बायका गाणं विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. खाऊन झाल्यावर म्हणाली, "अजून आहेत का अशा?"

त्यानंतर तोंड जे सुटलं ते सुटलंच. दुसऱ्या दिवशी तिला चिंचेचा कोवळा पाला हवा होता. तिसऱ्या दिवशी अक्कांकडचं मुद्दं, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा. मग कुठल्याशा बेकरीतली खारी बिस्किटं, तीही कडेला करपलेली. यजमान पिशवी घेऊन पायपीट करत, आणि मला म्हणत, "तूच म्हणत होतीस ना, मागत नाही म्हणून?" पंखाही ती आता आपणच कमी-जास्त करू लागली. गाल भरले.

माझी चौदा रोपं? रनर कापल्यावर ती काही दिवस बावचळली. मग सुनेने सांगितल्याप्रमाणे त्यांची पहिली अशक्त फुलंही मी खुडली.  हळूहळू बुडं भरत आली, करंगळीएवढी झाली. फेब्रुवारीच्या मध्याला त्यांच्यावर फळं आली. अक्कांच्या आधी फुललेल्या रोपांइतकी नाहीत, पण ओंजळभर. त्या रोपांत मी स्वतःला ओळखलं होतं. पानं फार, बूड बारीक, दिसेल त्याला मांडव समजून चढणारी. त्यांना उशिरा का होईना फळ आलं, म्हणून मलाही जरा धीर आला.

फेब्रुवारी सरता सरता आम्हाला नात झाली. अक्का बघायला आल्या. दुपट्यातून डोकावल्या, मांडीवर दोन वळ्या मोजल्या आणि आनंदाने ओरडल्या, "दप्प हाय की वो वैनी! बघा, दप्प!"

सूनही हसली, मीही. मी त्या वळीवर बोट फिरवलं. वीस वर्षांनी बंगळूरने मला पाचवा शब्द एकदाचा नीट शिकवला होता.